सदर ठिकाणी गवत आहे

सात-बाराचा उतारा वाचला तर आमच्या गावच्या उत्तरेला, ओढ्याच्या काठाला, दोन एकर गवत आहे. सरकारी गायरान, शेरा: गवत पड. प्रत्यक्षात तिथे रस्त्याच्या खडीसाठी कधीकाळी फोडलेली खाण आहे, आणि १९९०च्या आसपासपासून गावाला जे जे नकोसं झालं ते ते त्या खाणीत गेलेलं आहे. आठवडे बाजारातला सडका भाजीपाला, हायवेवरच्या ढाब्यांच्या पत्रावळ्या, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, मंगल कार्यालयातले थर्माकोलचे द्रोण, दवाखान्यातल्या सुया, वारलेल्या माणसांच्या गाद्या आणि पडलेल्या उमेदवारांचे फ्लेक्स. उन्हाळ्यात ही रास आपोआप पेटायची. आपोआप म्हणजे कोण पेटवतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. पावसाळ्यात तिच्यातून काळं पाणी ओढ्यात उतरायचं. ओढ्याखालच्या विहिरीचं पाणी आधी प्यायचं बंद झालं, मग ते फक्त भांड्यांना चाले, मग फक्त जनावरांना, मग जनावरंही तोंड फिरवू लागली. तलाठी मात्र दरवर्षी नेमाने गवत लिहीत राहिले. तिथे गाई चरतात हे तेवढं खरं होतं. प्लास्टिक चरत होत्या, एवढंच.

मी बँकेतून निवृत्त होऊन पुण्याहून गावी आलो तो मोकळ्या हवेसाठी. पुण्यात असताना कचऱ्याचा आणि माझा संबंध सकाळी दाराशी वाजणाऱ्या घंटीपुरता होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, की आमच्या सोसायटीतले डबे तुंबायचे आणि मी पेपर वाचता वाचता त्या गावकऱ्यांना मनातल्या मनात नागरिकशास्त्र शिकवायचो. गावी आलो त्याच संध्याकाळी खाणीतला धूर माजघरात शिरला. "शुद्ध हवा पाहिजे होती ना बाळ तुला," आक्का म्हणाली, "घे आता भरभरून." आक्का ही माझी थोरली बहीण. माझ्याबद्दल तिचं फारसं चांगलं मत नाही आणि ते बदलेल असं मी काही केलेलंही नाही.

ज्या टेम्पोतून मी आलो त्यात भांड्याकुंड्यांपेक्षा माझ्या कवितासंग्रहाचे गठ्ठे जास्त होते. संग्रह स्वखर्चाने काढलेला, पाचशे प्रतींचा, आणि त्याची पहिली आवृत्ती अजून संपायची होती. गावात येताच मी ओळख म्हणून घरोघर प्रती वाटल्या. सरपंच, ग्रामसेवक, हेडमास्तर, डॉक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, पोल्ट्रीवाले शेठ, कोणालाही वगळलं नाही. प्रत्येक प्रतीवर शाईच्या पेनाने पूर्ण नाव, खाली 'सप्रेम भेट', खाली लफ्फेदार सही. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला तर एक अख्खा गठ्ठा दिला आणि त्याची रीतसर पोच घेतली. ही माहिती आत्ता अस्थानी वाटेल, पण ती लक्षात ठेवावी.

खाणीचं आणि माझं जुनं एक नातंही सांगून टाकायला हवं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं आणि गावोगाव तपासणी समित्या फिरू लागल्या. आमच्या गावाने तेव्हा मंडपवाल्याकडून कनाती आणल्या, खाणीच्या कडेने ताणून लावल्या आणि पुढे रांगोळी घातली. समितीतल्या एकाने पलीकडे काय आहे म्हणून विचारलं, तर "लगीन हाय" असं उत्तर मिळालं. वासाबद्दल विचारलं, तेव्हा "मटान हाय" असा खुलासा झाला. बक्षीस मिळालं. त्या सत्काराला गावचे सुपुत्र म्हणून पुण्याहून जे साहित्यिक पाहुणे बोलावले होते, ते मीच. गावाच्या स्वच्छतेवर मी पाऊण तास बोललो. भाषण करताना माझी पाठ कनातीकडे होती.

तर धुराने खोकला सुरू झाल्यावर मी सनदशीर मार्गाने जायचं ठरवलं. ग्रामसभा आमच्याकडे प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. जानेवारीत मी विषय काढला तेव्हा गणपूर्ती नव्हती, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ती सभा कधी झाली ते मला कळलं नाही, पण ठरावाच्या वहीत माझी उपस्थिती आहे. मे महिन्यात ऊन होतं. ऑगस्टमध्ये जिलबी वाटून होईपर्यंत सगळे होते. २ ऑक्टोबरला मात्र गाव खरंच एकवटलं. झाडू आले, टोप्या आल्या, फोटोग्राफर आला. फोटोत मधोमध झाडू धरलेला मी आहे. चावडीपासून शाळेपर्यंतचा रस्ता लख्ख झाला, गोळा झालेला कचरा ट्रॅक्टरमध्ये भरला गेला, आणि मी आपला विचारलं, हा आता न्यायचा कुठे? ट्रॅक्टरवाल्याला माझी कीव आली. "खाणीत, सर. दुसरं कुटं?"

मग माहितीचा अधिकार. माझ्या अर्जाची नुसती प्रस्तावना तीन पानांची होती आणि तिच्यात मोहेंजोदडोची गटारं येऊन गेली होती. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आयुष्यभर कुठल्याही संपादकाला जे जमलं नाही ते या नियमाने करून दाखवलं. मी कापत कापत दीडशेवर आलो. महिनाभराने उत्तर आलं: 'सदर ग्रामपंचायतीच्या हद्दीत डम्पिंग ग्राउंड अस्तित्वात नाही. सबब माहिती निरंक.' उत्तराच्या कागदाला धुराचा वास येत होता.

मी चिडलो, पण नाना खूश झाले. नाना म्हणजे प्रांत ऑफिसमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी. कलमं त्यांना इतरांना अभंग पाठ असतात तशी पाठ. "सोनं आहे हे," ते म्हणाले. "जपून ठेवा. नाही म्हणालेत ना, आता नाहीच म्हणत राहावं लागेल त्यांना."

नानांचं तेव्हाच ऐकलं असतं तर बराच त्रास वाचला असता. पण मी रात्री जागून स्वतः कायदा वाचायला घेतला. तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की हे नियम महानगरपालिकेला आहेत, नगरपालिकेला आहेत, औद्योगिक वसाहतीला आहेत, जनगणनेत जिला शहर म्हणून गणलं जातं त्या वस्तीलाही आहेत. साध्या खेड्याला मात्र त्यांत थेट जागा नव्हती. जनगणनेतलं शहर व्हायचं तर लोकसंख्या किमान पाच हजार, चौरस किलोमीटरला चारशे माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात असावे लागतात. लोकसंख्या आमची होती. दाटीही होती. अडत होतं ते शेतीपाशी. दुसऱ्या दिवशी मी पारावर बसून, आपण पुरेशा लोकांनी शेती सोडली तर आपला कचरा कायद्याच्या कक्षेत येईल, असं समजावून सांगितलं. पारावरची माणसं ऐकून घेतात. उठून गेल्यावर बोलतात.

त्यानंतर मी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे वळलो. हे २०१० साली स्थापन झालेलं, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच, आणि भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. भरपाईत मला रस नव्हता, मला कीर्ती हवी होती. अलमित्रा पटेल यांची गोष्ट मी वाचली होती. एमआयटीत शिकलेल्या या इंजिनिअर बाईंनी १९९६ साली देशभरातल्या कचऱ्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यातून २००० साली घनकचऱ्याचे पहिले नियम आले, आणि पुढे तीच याचिका हरित न्यायाधिकरणाकडे गेल्यावर २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी येऊन पाच हजारांपासून दंड लागू झाला. आमच्या खाणीला ही बातमी कोणी दिली नव्हती, ते सोडा. पुण्यातल्या एका वकिलाला मी माझी कैफियत सांगितली. त्याने शांतपणे विचारलं, "वाद प्रथम उद्भवला कधी?" मी अभिमानाने म्हणालो, १९९०च्या आसपास. "कायद्याप्रमाणे मुदत सहा महिन्यांची आहे," तो म्हणाला. "अर्थात, उपद्रव रोजचा आहे, रोज नव्याने होतो, असं म्हणता येईल." मग त्याने ते म्हणण्याची फी सांगितली. मी एसटीने परत आलो.

नानांनी तोपर्यंत कागद काढून ठेवला होता. फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १३३, सार्वजनिक उपद्रव दूर करणे. (आता हेच कलम १५२ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. नानांनी ते अजून मान्य केलेलं नाही.) या कलमाखाली प्रांताकडे साधा अर्ज करता येतो. प्रांत, म्हणजे दंडाधिकारी या नात्याने, समोरच्याला सशर्त आदेश काढतात: उपद्रव काढून टाक, नाहीतर येऊन कारण सांग. वकील लागत नाही. "आणि रतलाम वाचा," नाना म्हणाले.

रतलाम वाचणं हे माझ्या प्रकृतीला बाधलं. रतलाम शहरात एका रस्त्यावरच्या रहिवाशांनी उघड्या गटारांना आणि घाणीला कंटाळून तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे याच कलमाखाली अर्ज केला. नगरपालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. आमच्याकडे पैसे नाहीत, हा तिचा बचाव. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो उडवून लावला: पैसे नाहीत हे सांगून नगरपालिकेला आपलं मूळ कर्तव्य टाळता येणार नाही. त्या रात्री मला झोप नाही. आपला खटला कायद्याच्या पुस्तकांत कोणत्या नावाने ओळखला जाईल, विद्यार्थी आपलं आडनाव नीट उच्चारतील ना, याची चिंता करत मी पहाट केली. निकालातले उतारे पाठ केले. आरशासमोर म्हटले. आक्काने डॉक्टरांना निरोप धाडला.

प्रांत ऑफिसात पहिली तारीख पडली तेव्हा मी कोट घातला होता. प्रांत मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांच्या टेबलावर भूसंपादन, जातीचे दाखले, मतदार याद्या आणि पाणीटंचाई यांच्या फायलींत माझी फाईल खालून दुसरी होती. ग्रामपंचायतीतर्फे तालुक्यातले एक अनुभवी वकील उभे होते आणि त्यांच्यामागे सरपंचपती. आमच्या गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे, त्यामुळे सरपंचबाई घरी असतात आणि त्यांचे यजमान ऑफिसात. वकिलांनी लेखी म्हणणं दाखल केलं. ते मी आजही अधूनमधून काढून वाचतो. सदर हद्दीत कचरा डेपो नाही. असल्यास तो सरकारी गायरानात असून ग्रामपंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही. संबंध असल्यास ग्रामपंचायतीकडे निधी नाही. आणि निधी असल्यास, सदर कचरा खुद्द अर्जदारानेच टाकलेला आहे. इतक्या घट्ट विणीचं गद्य मला कधी लिहिता आलेलं नाही.

मी उठलो. घसा साफ केला. "मॅडम, १९८० साली रतलाममध्ये..."

"काका," मॅडम म्हणाल्या, "खाण किती फूट खोल आहे?"

मला माहीत नव्हतं. विहीर किती अंतरावर? माहीत नव्हतं. पाणी तपासलंय? नाही. मी कृष्ण अय्यर पाठ केले होते, खाण नव्हती केली. मॅडमनी जागेचा पंचनामा करायचा हुकूम दिला आणि सरपंचपतींकडे पाहून विचारलं, "सरपंच कोण?" "आमच्या मिसेस," ते म्हणाले. "मग पुढच्या तारखेला त्या येतील. तुम्ही नाही आलात तरी चालेल." सरपंचपतींना असं कुठल्या ऑफिसात कोणी सांगितलं नसावं. ते बराच वेळ उभेच राहिले.

पंचनाम्याला सर्कलसाहेब आले, तलाठी भाऊसाहेब आले, नुकतेच बदलून आलेले ग्रामसेवक आले, कोतवाल आला. पंच मात्र मिळेनात. खाणीत कचरा आहे या मजकुराखाली सही करायला गावात कोणी तयार नव्हतं. शेवटी हायवेवरचा पंक्चरवाला, जो गावचा नव्हता, आणि जेसीबीच्या ऑपरेटरकीसाठी चकरा मारणारा एक पोरगा, ज्याला कचरा उपसला जावा असं मनापासून वाटत होतं, असे दोघे मिळाले. तोंडाला रुमाल बांधून आम्ही कडेने उतरलो. सर्कल सांगत होते, भाऊसाहेब लिहीत होते. ओला कचरा, कुजलेला. प्लास्टिक, मिश्र. कोंबड्यांची पिसे, पोती अंदाजे अमुक. इंजेक्शनच्या सुया. तेवढ्यात कोतवालाने काठीने एक बांधलेली प्लास्टिकची पिशवी फोडली. आत पुस्तकं होती.

"कविता हायेत जणू," कोतवाल म्हणाला.

मी माझं मुखपृष्ठ पन्नास पावलांवरून ओळखतो. मी म्हणालो, "ते राहू द्या, पुढं चला." पण सर्कल हा पंचनाम्याचा जुना खेळाडू. सगळ्या पिशव्या फोडल्या गेल्या. भाऊसाहेबांनी जे लिहिलं ते शासनदप्तरी कायमचं जमा आहे: 'कवितासंग्रह, एकाच लेखकाचे, प्रती बहुसंख्य. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असल्याने सुस्थितीत. पाने चिकटलेली, वाचल्याच्या खुणा नाहीत.' माझ्या संग्रहावर आलेला हा पहिला अभिप्राय. नंतर त्यांनी एकेक प्रत उघडून नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डॉक्टर, सप्रेम भेट. हेडमास्तर, सप्रेम भेट. चेअरमन, सप्रेम भेट. पोल्ट्रीवाले शेठ यांची प्रत पिसांसकट. कडेला जमलेलं गाव प्रत्येक नावाला माना वळवून त्या त्या माणसाकडे पाहत होतं. मी खाली खाणीत उभा होतो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा भरगच्च श्रोतृवर्ग लाभला होता.

शेवटच्या पिशवीत वाचनालयाचा गठ्ठा निघाला. पोषण आहाराची पोती ठेवायला खोली लागली म्हणून वाचनालय रिकामं केलं होतं, हे मला तिथे समजलं. त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक होता. नव्या ग्रामसेवकांनी शिक्का पाहिला आणि ते एकदम ओढ्याकडे पाहू लागले. वरून नाना ओरडले, "आवक क्रमांक लिहा भाऊसाहेब! अक्षरी लिहा!"

पुढच्या तारखेला वकीलसाहेब मोठ्या उत्साहात होते. "पुस्तकं कोणाची? अर्जदाराची. म्हणजे कचरा कोणाचा?" आता हे मलाही पटत चाललं होतं. पण नानांनी मागून चिठ्ठी सरकवली आणि मी ती वाचून दाखवली: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १२२. देणाऱ्याने स्वखुशीने दिलेलं दान घेणाऱ्याने स्वीकारलं की दान पुरं. वस्तू देणाऱ्याची राहत नाही.

"स्वीकारल्याचा पुरावा?" मॅडमनी विचारलं.

"आवक क्रमांक," मी म्हणालो. कोर्टात मी बोललेलं हे सर्वांत परिणामकारक वाक्य, आणि ते दोन शब्दांचं होतं.

वकील म्हणाले, शिक्का बनावट असू शकतो. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसलेल्या सरपंचबाई उठल्या. "शिक्का आपलाच हाय मॅडम. मीच मारलाय. त्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेब नव्हते." मग त्या थांबल्याच नाहीत. ओढ्याखालची विहीर बंद झाल्यापासून बायका पाण्याला कुठवर जातात, खाणीच्या कडेच्या वस्तीतल्या पोरांना कसले फोड येतात, पेटवलेल्या राशीतून कधी काय उडतं, खाण दोन पुरुष खोल आहे आणि तळाला झरा आहे. मॅडमनी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या बाईंकडे होतं. ठरावांवर सही त्यांची असायची, विषय ठरवायचे दुसरे. निधीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पडून आहे. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांखेरीज कशाला वापरता न येणारा. आणि तो किती आला, किती गेला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतं. मॅडमनी तिथल्या तिथे मोबाइलवर पाहिलं. माझ्या खिशात रतलामच्या निकालाचे घडी घातलेले उतारे होते. कोणी मागितले नाहीत.

आदेश झाला. खाणीत कचरा टाकणं तात्काळ बंद, साठलेला मुदतीत उपसून शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट, काम न झाल्यास शासन करून घेईल आणि खर्च वसूल करील. आदेशात माझ्या साहित्याचा उल्लेख आहे: 'घटनास्थळी अर्जदाराचे कवितासंग्रह मोठ्या संख्येने आढळून आल्याने सदर ठिकाण गावकऱ्यांच्या नित्य वापरात असल्याचे सिद्ध होते.' हे वाक्य मी कोणत्या निमित्ताने दिवाळी अंकाच्या लेखक-परिचयात घालू, याचा विचार अजून चालू आहे.

उपसा हे प्रकरण मात्र पाहण्यासारखं होतं. जेसीबीने रास फोडून लांब लांब वरंबे घालायचे, त्यावर जिवाणूंचं कल्चर फवारायचं, दर काही दिवसांनी उलटापालट करायची, म्हणजे ओलं ते कुजून बसतं, वजन आणि वास दोन्ही उतरतात. मग सगळं ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरत्या लोखंडी पिंपवजा चाळणीत घालायचं. बारीक माती खाली पडते, दगडविटा वेगळ्या होतात, उरलेल्या प्लास्टिक-चिंध्यांच्या गासड्या बांधून सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून पाठवतात. सुया वेगळ्या, त्यांना हात लावायचा नाही. खालची माती शेतात घालायला लोक ट्रॅक्टर घेऊन हजर झाले, तेव्हा तपासल्याशिवाय द्यायची नाही म्हणून सरपंचबाई स्वतः राशीपुढे उभ्या राहिल्या. काच आणि जड धातू असतात त्यात.

जेसीबी खाली खाली जाऊ लागला, तसा गावाचा इतिहास वर येऊ लागला. सर्वांत वर कोरोनातले मास्क. त्याखाली फ्लेक्स, थरांत थर, एकाच माणसाचे वेगवेगळ्या पक्षांतले. प्लास्टिक पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. ती कुठल्या थरात आली हे शोधायला मी दिवसभर उभा राहिलो, पण त्या थरात आणि वरच्या थरात मला काहीच फरक दिसला नाही. गुटखाबंदी २०१२ सालची. तिच्यानंतरच्या थरांत पुड्या उलट अधिकच निघाल्या. आणखी खाली कॅसेटच्या फिती, एसटीडी बूथची पाटी, रेडिओचे सेल. तळाला पोचल्यावर कचरा जवळजवळ नव्हताच: फुटक्या काचा, कौलं, पाटीचे तुकडे, एक पितळी चमचा. चमचा आमच्याच घरचा होता. आक्काने तो ओळखला आणि चाळीस वर्षांपूर्वी त्यावरून ज्या मोलकरणीला बोल लावले होते तिच्या सुनेला बोलावून चहा पाजला.

आता सांगायचं तर खाण रिकामी आहे, तळाचा झरा परत दिसू लागला आहे आणि कडेने पहिल्याच पावसात गवत उगवलं. खरं गवत. पण पंचनाम्यानंतर भाऊसाहेबांनी दप्तर दुरुस्त केलं, त्यामुळे सात-बाराच्या शेऱ्यात आता 'कचरा डेपो' असं लागलं आहे. तो काढायचा तर तहसीलदारांकडे वेगळा अर्ज. दरम्यान, स्वच्छ झालेल्या सपाट जागेवर एका बाजूने क्रिकेटचे स्टम्प आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याची एक शेड उभी राहिली आहे. गायरानांवरची अतिक्रमणं हटवा असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात सांगितलं आहे. नानांनी तो निकाल माझ्या उशाशी आणून ठेवला. आक्काने तो डब्याखाली ठेवला.

मॅडमनी आदेशात एक देखरेख समिती नेमली होती आणि तिच्यात अर्जदार पदसिद्ध. त्यामुळे बंधित निधीतून आलेल्या घंटागाडीबरोबर सकाळी मी फिरतो. कोणाच्या घरी काय शिजतं, कोण दारू सोडल्याचं सांगतो, कोणाकडे औषधं वाढलीत, सगळं मला कळतं. ज्यांची प्रत खाणीत सापडली ते मला पाहून दार लावून घेतात. ज्यांची सापडली नाही ते मुद्दाम बाहेर येऊन, आपल्याकडे अजून आहे, दाखवू का, असं विचारतात. पोस्टमनने दाखवली. टीव्हीच्या एका पायाखाली होती.

परवा प्रांत ऑफिसातून पत्र आलं, की प्रकरण निकाली निघाल्याने जप्त मुद्देमाल अर्जदाराने सात दिवसांत घेऊन जावा, अन्यथा नियमानुसार नष्ट करण्यात येईल. मी 'नष्ट' शब्दावर बराच वेळ घालवला आणि शेवटी रिक्षा करून सगळे गठ्ठे घरी आणले, ओसरीवर रचले. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आमच्या दाराशी थांबली. गाडीवरच्या पोराने गठ्ठ्यांकडे पाहिलं, गाडीच्या दोन रंगांच्या कप्प्यांकडे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे मला नम्रपणे विचारलं, "सर, ही ओल्यात का सुक्यात?"

मी काही बोलायच्या आत आतून आक्का ओरडली, "सुक्यात टाक रे! ओलावा असता तर कुणी ना कुणी ठेवून घेतली असती."